ठिकाण नंतर, आधी वार आणि तिथी

महोदय,

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की, आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'कमी खर्चात कुठे जाल' अशा मथळ्याखाली दहा-बारा ठिकाणांची यादी येते. नावे बरोबर असतात, फोटो सुरेख असतात. मात्र तिथे कोणत्या वारी जायचे, कोणत्या तिथीला जाऊ नये आणि संध्याकाळी परत कसे यायचे, याबद्दल यादीत अवाक्षर नसते. सोमवारी अजिंठ्याच्या दाराशी पोहोचलेले कुटुंब, भर दुपारी अलिबागच्या वाळूवर उभे राहून पाण्यापलीकडचा कुलाबा किल्ला बघणारे कुटुंब आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कासला जाऊन धुके पाहून आलेले कुटुंब, या तिघांनीही गाडीभाडे पूर्ण मोजलेले असते. त्यांची सहल महाग पडली ती ठिकाणामुळे नव्हे. म्हणून हा पत्रप्रपंच, आणि शेवटी एक विनंती.

आधी भाड्याचे बोलू. घरातली सहा माणसे निघाली की खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी कुटुंबाचा हिशेब अजून एसटीच्याच बाजूने झुकतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, आणि पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. आता एक घर धरा: आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ ची, आई, वडील, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. आजोबा शून्य, आजी अर्धे, आई अर्धे, वडील एक, मुलगी अर्धे, मुलगा शून्य. सहा माणसे अडीच तिकिटांत जातात. शंभर किलोमीटरच्या आतल्या कोणत्याही ठिकाणासाठी भाड्याच्या गाडीचा दर विचारा आणि शेजारी हा आकडा मांडा. वेगळे सांगायला नको.

यात अडकायला होते ते असे. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, म्हणजे पणजीला निघालात तर सीमेपलीकडचे भाडे पूर्ण लागते. वयाचा पुरावा ज्याच्या त्याच्याजवळ हवा. आजोबांचे ओळखपत्र घरी आणि आजोबा गाडीत, असे झाले की वाहकाचा नाइलाज असतो. मुलगी 'महिला' आहे म्हणून निम्म्याचे पुन्हा निम्मे होत नाही. त्यावरून वाद घालणारे दर रविवारी एक तरी भेटतातच.

'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास अनेकांना स्वस्ताचे तिकीट वाटतो. तो स्वस्त पडतो रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला. एका गावी जाऊन तीन दिवस राहणार असाल तर पासाचे पैसे वसूल होत नाहीत. आणि महिलांचे साधे तिकीटच निम्मे झाल्यापासून आईसाठी तो घ्यावा की नाही, हे प्रत्येक टप्प्याचे भाडे कागदावर लिहून, बेरीज करूनच ठरवावे. पूर्ण तिकीट असलेल्या वडिलांसाठी मात्र सात दिवसांची भटकंती असेल तर तो कामाचा. सोसायटीची किंवा भाऊबंदांची चाळीसेक माणसे जमली तर आगारातून 'प्रासंगिक करारा'वर आख्खी गाडी मिळते. दर किलोमीटरवर असतो, अनामत भरावी लागते, आणि सुट्ट्यांच्या हंगामात महिनाभर आधी अर्ज टाकलेला बरा.

आता एसटीने जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घात कुठे होतो ते सांगतो. गावाकडे जाणाऱ्या फाट्यावरच्या फळीवर संध्याकाळी साडेसहाची, साडेसातची गाडी लिहिलेली असते. शहरातला माणूस ती परतीची समजतो. ती असते मुक्कामी गाडी: शहरातून गावात येते, रात्री देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणात उभी राहते आणि पहाटे पुन्हा शहराकडे निघते. दूधवाला, कामगार, बाजारहाट करणारे गावकरी यांच्या सोयीने एसटीचे वेळापत्रक आखलेले आहे, आणि ते तसेच असायला हवे. त्यामुळे संध्याकाळी गाड्या गावाकडे भरभरून जातात, गावातून बाहेर निघणारी शेवटची गाडी चार-साडेचारलाच फिरते. सकाळी उतरल्या उतरल्या वाहकाला विचारायचा प्रश्न एकच: 'इथून परत फिरणारी शेवटची गाडी किती वाजता?' 'संध्याकाळी गाडी आहे का?' असे विचारू नये. गाडी आहेच, पण तिचे तोंड उलट दिशेला असते. शिवाय शाळकरी मुलांसाठी असलेल्या काही फेऱ्या रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धावत नाहीत. शनिवारी चौकशी खिडकीवर विचारून ठेवलेली वेळ रविवारी लागू असेलच असे नाही, म्हणून 'रविवारी' हा शब्द प्रश्नात घालायचा.

रेल्वेबद्दल थोडक्यात. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होते). ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती आजही गृहीत धरून हिशेब करणारी घरे आहेत. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला शयनयानात स्वतंत्र बर्थ मागितला नाही तर अर्धे भाडे पडते, मागितला तर पूर्ण. दिवसाच्या गाड्यांच्या टू-एस (आरक्षित बैठकीचा दुसरा वर्ग) किंवा चेअर कारमध्ये ही निवड नाही, तिथे सहा वर्षांच्या मुलाचेही पूर्ण तिकीट. अनारक्षित तिकिटाला अर्धे भाडे आहे, पण ते काढताना गाडी सुपरफास्ट आहे का ते पाहावे. साध्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये चढलात तर फरकासोबत दंडही भरावा लागतो. १९९ किलोमीटरपर्यंतचे अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करायचा असतो. आदल्या रात्री काढून ठेवण्यात शहाणपणा नाही. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे असते, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. एप्रिलमध्ये पाहून ठेवलेली वेळ जुलैत चालत नाही.

आता वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर एका दिशेला, वेरूळ तीस किलोमीटर दुसऱ्या दिशेला, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही नीट होत नाहीत. रविवार-सोमवारची जोडसुट्टी असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. हाच क्रम उलटा केला की सोमवार वाया गेला, एक मुक्काम वाढला. अजिंठ्याला आपली गाडी लेणीपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या गाडीने जायचे, त्याचे तिकीट वेगळे. रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव जवळ, साठेक किलोमीटर. पुरातत्त्व खात्याच्या जागतिक वारसास्थळांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, दौलताबाद किंवा बीबी का मकबरा यांसारख्या स्मारकांचे २५. ऑनलाइन काढले तर पाच रुपये कमी, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वर धरलेल्या सहा जणांच्या घराला वेरूळ १६० रुपयांत होते. १८ एप्रिल आणि १९ नोव्हेंबरला सहसा प्रवेश मोफत ठेवतात. पैसे वाचतात, पण कैलास लेण्यात मान वर करून बघायला जागा उरत नाही.

मुंबईत घारापुरी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे उद्यानातल्या कान्हेरी लेणीही बंद. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे माहीत नसल्याने गुरुवारी फाटकापुढे गर्दी होते. पुण्यात कात्रजचे प्राणिसंग्रहालयही बुधवारी बंद. ताडोब्याच्या कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाची, सफारी मंगळवारी नसते आणि जुलै ते सप्टेंबर कोअर बंदच असतो.

समुद्राला वाराचे काही नसते, तो तिथी बघतो. या एका गोष्टीकडे पुरवण्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, जे येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. दिवसातून दोनदा भरती, त्यांच्या मधोमध सहा तासांनी ओहोटी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने उतरतो. नेमकी वेळ छापील वेळापत्रकातून किंवा किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून पक्की करायची.

आता हे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून बघा. ओहोटीला तिथे पायी जाता येते. पौर्णिमेला रविवार आला की लोक उत्साहाने निघतात आणि अकरा-बाराला किनाऱ्यावर पोहोचतात. त्या वेळी भरती ऐन भरात, आणि उधाणाची. ओहोटी पहाटे सहाला होऊन गेली, पुढची संध्याकाळी सहाला, तोवर किल्ला बंद होण्याची वेळ. उरतो तो पैसे मोजून पाण्यावरचा प्रवास. बरे, मग दुपारी बाराला ओहोटी मिळावी म्हणून अष्टमी गाठावी, तर तो भांगाचा काळ. पाणी फारसे भरत नाही तसे पुरते ओसरतही नाही, वाटेत गुडघाभर पाणी राहते. मुलाबाळांसह जायला चांगल्या त्या मधल्या तिथी. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारच्या सुमारास. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी, पाणी मागे हटत असताना चालायला लागायचे आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात वाळूवर परत यायचे. किल्ल्यात वेळेचे भान राहत नाही आणि पाणी दोन्ही बाजूंनी चढते, म्हणून घरातल्या एकाने घड्याळ सांभाळायचे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाला हेच लागू, किंबहुना जास्त कडकपणे, कारण तिथे पायाखाली वाळू नसून खडक आहे आणि लाट कपारीतून उसळते. पावसाळ्यात हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्यादेखील मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. जूनमध्ये मुरूड-मालवणला जाऊन किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागतो.

तिथीच काजव्यांनाही लागते. सह्याद्रीत काजवे दिसतात ते रोहिणी नक्षत्रापासून मृगापर्यंत, म्हणजे २५ मेच्या आसपासपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मोठा पाऊस कोसळला की खेळ आटोपतो. भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडे एका तालात लुकलुकतात. नर काजवा मादीला खूण करत असतो, आणि ती खूण मोबाइलच्या प्रकाशात बुडून जाते. हाच न्याय चंद्रालाही. पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर निम्मी मजा गेली. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवस धरावेत. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क असते आणि रात्रीच्या प्रवेशावर वेळेची मर्यादा घालतात. रात्री परतीची एसटी नाही, त्यामुळे गावातला मुक्काम खर्चात धरावाच लागतो. शनिवारी रात्री गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते, तेव्हा काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसतात. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आधीचा मंगळवार-बुधवार उत्तम.

कास पठाराचे गणित पावसावर आहे. पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात झाला, आणि तेव्हापासून गर्दीला धरबंध राहिला नाही. म्हणून दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. शनिवार-रविवारची नोंदणी आधीच भरते. फुलांचा भर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण एकाच वेळी सगळे फुलत नाही: तेरड्याचा गुलाबी पट्टा, सीतेच्या आसवांचा निळा, गेंदाचा पांढरा आणि सोनकीचा पिवळा असे रंग आठवड्याआठवड्याला बदलतात. जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर, त्यात पोषण कमी. म्हणून सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. मुलांना फुलांच्या नावांपेक्षा हेच जास्त काळ लक्षात राहते. सलग पावसात धुके उतरते आणि काही दिसत नाही. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की ऊन बघून निघावे. सातारा बसस्थानकावरून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरूनच जाते, अंतर पंचवीसेक किलोमीटर. त्याच साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा जवळ आहे, तिथे बघायला सज्जा बांधलेला आहे आणि पाण्यात उतरावे लागत नाही.

पाण्यात उतरण्याबद्दल लिहिलेच पाहिजे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. डोंगरातला ओढा माथ्यावरच्या पावसाने फुगतो; तुम्ही उभे आहात तिथे ऊन पडलेले असू शकते. नितळ पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाचोळा वाहत आला, आवाज जाड झाला की मिनिटांचा प्रश्न असतो. त्या वेळी पलीकडच्या काठावर असलेल्यांनी अलीकडे यायचा प्रयत्न करू नये, वर चढावे. अशा घटनांनंतर जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात. ते न बघता निघालेली कुटुंबे पोलिसांच्या नाक्यावरून परत फिरतात आणि दिवस गाडीतच जातो. पाऊसच बघायचा तर मळवलीला लोकलने उतरून भाजे लेणी बघावीत. गाव चालत गाठता येते, लेण्यांच्या पायऱ्यांवरून समोरचे सगळे धबधबे दिसतात, डोक्यावर दगडाचे छप्पर असते. पुणे-लोणावळा लोकलच्या दुपारच्या फेऱ्या विरळ आहेत, तेवढी परतीची वेळ आधी बघावी.

पुरवण्या पुण्या-मुंबईच्या दीडशे किलोमीटरच्या वर्तुळातून बाहेर पडत नाहीत, हे आणखी एक. सोलापूरहून पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग आहे. किल्ल्यातच नदीवर आदिलशाही बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल, आणि वरचे बोरी धरण भरून वाहिले की बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. धरण भरले नाही तर एक थेंब नाही. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरणाची बातमी बघून जायचे. अमरावतीकरांना परतवाड्यावरून चिखलदरा आहे, तिथे पावसाळ्यात ढग रस्त्यावर येतात. नाशिककरांना निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेले; मराठवाड्याला पैठणचा नाथसागर. दोन्हीकडे पक्षी बघायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ लागते, दहानंतर पाणी चकाकते आणि काही दिसत नाही.

उजनीच्या पाणलोटातल्या भिगवणला रोहित पक्षी बघायला डिसेंबरमध्येच जायचा प्रघात पडला आहे. तो दर वर्षी बरोबर नसतो. रोहित उथळ चिखलात चोच उलटी घालून खातो. पाऊस जोरदार झालेल्या वर्षी धरण जानेवारीपर्यंत तुडुंब राहते, चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी इकडेतिकडे पांगतात. पाणी उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, थवे जमतात. दुष्काळी वर्षी उलट, ते लवकर येतात. भिगवण पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. होडीचे भाडे होडीमागे ठरते, माणसामागे नाही, त्यामुळे दोन कुटुंबांनी मिळून एक होडी घेतली की निम्म्यात काम होते. नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नये. थवा उडाला की फोटो छान येतो आणि नंतरच्या होडीतल्यांना काही उरत नाही.

हुरड्याचेही तसेच. ज्वारीची पेरणी उशिरा झाली असेल तर डिसेंबरात दाणा पाणचट असतो. नखाने दाबून चीक दाटसर आला की हुरडा, पीठ लागले की वेळ गेली. शेतकऱ्याला फोन करून 'गुळभेंडी (हुरड्याची खास ज्वारी) आहे का, आणि दाणा कुठवर आलाय' एवढे विचारले तरी तो ओळखतो की गिऱ्हाईक कळते आहे. गोवऱ्यांची आगटी निखाऱ्यावर आली की कणसे टाकायची. ज्वाळेत टाकली तर बाहेरून करपतात, आत कच्ची राहतात. लहान मुलांना आगटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसवावे, धूर दुसरीकडे जातो.

माथेरानचा खर्च वाढतो तो दस्तुरी नाक्यापुढे. वाहने तिथवरच. नेरळची छोटी गाडी १९०७ पासूनची, २१ किलोमीटरची, पण पावसाळ्यात नेरळहून वर बंद असते आणि फक्त अमन लॉज (दस्तुरीजवळचे स्थानक) ते माथेरान एवढीच शटल धावते. शटलच्या रांगेत तास घालवण्याऐवजी रुळांच्या कडेने चालत गेले तर अडीच-तीन किलोमीटर सपाट वाट आहे, सहा वर्षांचे मूलही चालते. सामान मात्र पाठीवरचे हवे. चाकांच्या बॅगा त्या लाल मातीत ओढणाऱ्यांनाच घोडा आणि हमाल लागतो.

डब्यात दशमी (दुधात भिजवलेली, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते), धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी. बटाट्याची भाजी आणि ओले खोबरे मेमध्ये दुपारपर्यंत आंबते, ते टाळावे. घाटात मुलाला उलटी होते तेव्हा बहुधा ते मागच्या चाकावरच्या किंवा त्यामागच्या सीटवर, मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले असते. पुढच्या अर्ध्या भागात, खिडकीशी, नजर समोरच्या रस्त्यावर. निघताना तेलकट नाश्ता नको, आणि पोट अगदी रिकामेही नको.

आता विनंती. आपल्या शुक्रवारच्या अंकात, प्रत्येक जिल्हा आवृत्तीत, एक लहान चौकट द्यावी. त्यात किनाऱ्यावरच्या आवृत्तीसाठी शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, जवळच्या स्थळांचे बंद वार, लागू असलेले बंदीचे आदेश, धरण भरले का आणि विसर्ग सुरू आहे का, कासची किंवा काजव्यांची त्या आठवड्याची स्थिती एवढे असावे. यासाठी वेगळा बातमीदार लागणार नाही. जिल्हा माहिती कार्यालय, पाटबंधारे खाते आणि आगाराचे वाहतूक नियंत्रक अशा तीन फोनांत मजकूर होतो. आणि एसटीच्या वेळा छापाल तेव्हा तिकडून परत फिरणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ पहिल्या ओळीत, ठळक टाइपात घ्यावी.

आपला,
एक वाचक